साथीदाराचे नाव कोण छापणार?

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. वाणगाव स्टेशनच्या फलाटावर आम्ही विरारकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. जवळच्या वस्तीतला जयंतीचा कार्यक्रम कायद्याप्रमाणे बरोबर दहाला बंद झाला होता. आमच्या शेजारी, पायाशी कीबोर्डची लांबलचक बॅग ठेवून, एक तरुण बसला होता. संध्याकाळपासून त्याने चार तास वाजवले होते. दिवसा तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करतो. सकाळी सातची पाळी होती, आणि त्याला बोईसरला उतरायचे होते.

त्याने मोबाईल आमच्या कानाशी धरला. म्हणाला, "काका, हे ऐका. कधीचं असेल, सांगा."

आम्ही ऐकले. खाली यंत्राचा ठोका, एकसारखा, न थकणारा. त्यावर घसरत जाणारा एक जाड खर्ज. आणि त्या दोहोंच्या वर, ओळखीचा, अगदी आकाशवाणीवर सकाळी ऐकलेला राग. गाणारे कोणी नाही, तबला नाही. आम्ही म्हणालो, गेल्या वर्ष-दोन वर्षांतले असेल, कोणा डीजेने केलेले.

"१९८२ सालचं आहे काका. मुंबईतलं. आणि सगळं एकट्या माणसाने वाजवलंय."

गाडी आली आणि तो बोईसरला उतरून गेला. आम्ही मात्र त्या रात्रीपासून या विषयावर विचार करत आहोत. कारण उतरता उतरता तो आणखी एक वाक्य बोलून गेला. ते शेवटी सांगू. आधी ती तबकडी आणि तो माणूस.

त्या माणसाचे नाव चरणजितसिंग. जन्म १९४०. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदात वाजवणारा वादक. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी गिटार, बास गिटार आणि पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवला. म्हणजे आपल्या आईवडिलांनी रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांत कुठे ना कुठे या माणसाची बोटे आहेत. पण रेडिओवर नाव कोणाचे सांगितले जाई? गायकाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे. वादकाचे नाही. साठ-सत्तर माणसे स्टुडिओत बसून गाणे उभे करत आणि संध्याकाळी दिवसाचे पैसे घेऊन लोकलने घरी जात. गाणे अजरामर होई, वाजवणारा मात्र बिननावाचा राही.

१९८० साली 'कुर्बानी' आला आणि देशभर डिस्कोचे वेड पसरले. १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला. त्याच काळात चरणजितसिंगांच्या हाती जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे आली. पहिले टीआर-८०८, हे ताल धरणारे यंत्र. यात ढोलाचा आवाज कुठून ध्वनिमुद्रित करून आणलेला नसतो, तो विजेच्या मंडलातूनच निर्माण होतो. दुसरे टीबी-३०३, हे खर्जाच्या ओळी वाजवणारे छोटे चंदेरी खोके. तिसरा ज्युपिटर-८, मोठा कीबोर्ड. ही यंत्रे तारांनी जोडली की एकाच्या ठोक्यावर दुसरे चालते. माणसाने आधी ओळ भरून ठेवायची, मग यंत्र ती वाजवत राहते आणि वादकाचे दोन्ही हात वरचा राग वाजवायला मोकळे होतात.

चरणजितसिंगांनी विचार केला, सगळेच डिस्को करत आहेत, तर आपण डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवू आणि तबला बंद ठेवू. भूपाली, यमन, ललत, तोडी, मेघमल्हार, मालकंस असे एकूण दहा राग. एचएमव्हीने तबकडी काढली. नावच तसे होते: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. म्हणजे डिस्कोच्या तालावर दहा राग.

तबकडी चालली नाही. ज्यांना डिस्को हवा होता त्यांना गाणे हवे होते, नट-नटी हव्या होत्या. ज्यांना राग हवे होते त्यांना यंत्र नको होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला. चरणजितसिंग पुन्हा आपल्या कामाला लागले. स्टुडिओत, लग्नसमारंभांत वाजवत राहिले. वीस वर्षे त्या तबकडीचे नाव कोणी काढले नाही.

२००२ साली एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ही जुनी तबकडी सापडली. ऐकून तो चक्रावला. कारण युरोप-अमेरिकेत 'अ‍ॅसिड हाऊस' या नावाने जे नृत्यसंगीत ओळखले जाते, अगदी तोच आवाज या तबकडीत होता. आणि त्या प्रकारातली पहिली मानली जाणारी 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी शिकागोत निघाली ती १९८७ साली. म्हणजे मुंबईचा वादक पाच वर्षे आधी तिथे जाऊन पोहोचला होता. बाऊमनने चरणजितसिंगांना मुंबईत शोधून काढले आणि २०१० साली ती तबकडी पुन्हा काढली. सत्तर वर्षांच्या वादकाचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. पुढे त्यांनी युरोपात जाऊन हेच राग पुन्हा वाजवले, आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरे त्यावर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

या कहाणीतली एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. तबकडी पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य देशांतल्या अनेकांना ती बनावट वाटली. कोणा गोऱ्या कलावंताने गंमत म्हणून हे केले असेल आणि जुन्या हिंदुस्थानी वादकाचे नाव लावले असेल, असे बोलले गेले. मुंबईच्या एका साध्या साथीदाराला हे सुचले असेल, यावर विश्वासच बसेना! ही शंका आपल्या ओळखीची आहे. आपल्या मुलाला चांगले गुण मिळाले की मास्तर दोनदा पेपर तपासतात. आपल्या माणसाने चांगला ग्रंथ लिहिला की विचारतात, कोणी लिहून दिला? तुमच्या हातून हे होणारच नाही, हे आधी ठरलेले असते. पुरावा नंतर मागितला जातो, आणि तोही तुमच्याकडूनच.

चरणजितसिंग कोणत्या जातीचे होते, हे शोधण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. त्याची गरजही नाही. येथे प्रश्न जागेचा आहे. वाद्यवृंदातली मागची खुर्ची ही जागाच अशी आहे की तिच्यावर बसणाऱ्याच्या नावाची चौकशी होत नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. "अ‍ॅसिड हाऊसचा शोध भारतात लागला" अशी बढाई मारून काही लोक मोकळे झाले. आम्ही तसे म्हणणार नाही. शिकागोच्या त्या तरुणांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, याचा पुरावा नाही. चळवळीच्या माणसाने दुसऱ्याचे श्रेय हिरावून आपली पाठ थोपटू नये. आणि ते तरुण कोण होते? फ्यूचर या नावाने एकत्र आलेले शिकागोचे काळे तरुण. १९७९ सालच्या जुलैमध्ये त्याच शिकागोत एका बेसबॉलच्या मैदानावर हजारो लोकांसमोर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला होता. काळ्यांच्या आणि समलिंगींच्या संगीताविषयीचा तो द्वेष होता, असे पुढे अनेकांनी सांगितले. त्या राखेतून त्याच वस्त्यांतल्या मुलांनी नवे संगीत उभे केले.

कशावर उभे केले? टीबी-३०३ वर. हे खोके रोलँड कंपनीने एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून काढले होते. पण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा येईना, म्हणून ते कोणी घेईना. सुमारे दहा हजार नग काढून १९८४ साली कंपनीने ते बंद केले. मग ते जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागले आणि म्हणूनच गरीब पोरांच्या हाती पडले. त्यांनी त्याच्या खुंट्या नको तशा पिरगाळल्या आणि कंपनीच्या इंजिनिअरला कधी सुचला नव्हता तो आवाज काढला. मुंबईत चरणजितसिंगांनी तेच यंत्र घेऊन त्यातून मींड काढली. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, आणि आपल्या रागाला नेमकी तीच लागते. दोन खंडांतल्या दोन मागच्या खुर्च्या, आणि बाजाराने टाकून दिलेले एक खोके. १९७२ साली ज्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली, त्या समाजाला हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्यात अशी यंत्रे याआधी आली नव्हती काय? आपल्या मिरवणुकीत वाजणारा बॅन्जो आठवा. तो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात टायपरायटरच्या कळांसारख्या कळा तारांवर बसवून 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार झाले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले. मुंबई-कोकणच्या चाळींत त्याला वीज जोडली गेली आणि ते बॅन्जो झाले. ज्यांच्या घरात उस्ताद नव्हता, घराणे नव्हते, गंडा बांधून घेण्याची ऐपत नव्हती, त्यांनी कळा दाबून सूर शिकून घेतला. वस्तीतल्या पोरांनी बॅन्जोवर भीमगीत वाजवले, तेव्हा गाणारा नसतानाही सगळी मिरवणूक मनात शब्द म्हणत चालत होती. बिनगाण्याच्या संगीताची ताकद आम्ही तिथे पाहिली आहे.

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली, ती याच कारणासाठी. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती निर्माण होत नाही. यंत्रापासून अपाय होत असेल तर दोष यंत्राचा नाही, ते मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आणि हेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. परक्या देशातून आलेले वाद्य म्हणून त्यांनी ते दूर ठेवले नाही.

याच्या उलट, गावगाड्याने आपल्या पूर्वजांच्या गळ्यात जी हलगी अडकवली होती, ती वाद्य म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून. पाटलाच्या घरचे लग्न असो की मयत, वाजवायला यायचेच, आणि मंडपाबाहेर उभे राहायचे. सूर सगळ्यांना चाले, सूर काढणारा चालत नसे. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून लोकांनी गावकीची कामे सोडली, अनेक गावांत हलगीही खुंटीला टांगली. ते योग्यच झाले. ती लढाई वाद्याशी नव्हती. ती बिनमोल, बिननाव वाजवण्याशी होती. १९४५ साली याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. वेठ म्हणजे काय? ज्या कामाला दाम नाही आणि नाव नाही, ते काम.

वाणगावच्या मातीतही बिनगाण्याचे संगीत जुनेच आहे. वारली बांधवांचा तारपा घ्या. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेतो आणि तोंडाने फुंकत राहतो, त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. त्याच्याभोवती साखळी धरून लोक रात्रभर नाचतात. न तुटणारा सूर, पुन्हा पुन्हा येणारा फेर, आणि नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहत चाल बदलणारा वादक. ज्याला युरोपात विसाव्या शतकाच्या शेवटी नवे म्हटले गेले, ते आमच्या पाड्यांवर भात पिकल्यानंतर दरवर्षी होत आले आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रात गोल फेराच्या मध्यभागी तारपावाला असतोच. तो चहाच्या कपावर आहे, साडीवर आहे, विमानतळाच्या भिंतीवर आहे. पण आपल्या गावातल्या तारपावाल्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आता आणखी एक हकीकत. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवण्यात आला. अमेरिकेहून डेव्हिड ट्यूडर नावाचा संगीतकार त्यासाठी आला होता. पुढची तीन वर्षे तिथे काही भारतीयांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग केले. मग सगळे विसरून गेले. पण त्या ध्वनिफिती संस्थेच्या कपाटात राहिल्या, २०१७ च्या सुमारास सापडल्या आणि २०२३ साली तबकडीच्या रूपाने लोकांसमोर आल्या. त्याच १९६९ साली इथे, मुंबई-अहमदाबाद लोहमार्गाच्या पश्चिमेला, तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. देशातले पहिले. एकाच वर्षी दोन ठिकाणी आधुनिक विज्ञान आले. अहमदाबादेत कपाट होते, म्हणून विस्मृतीतूनही काही वाचले. तारापूरला काय राहिले? पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या गावांतली गाणी, वाद्ये, वाजवणाऱ्यांची नावे कोणत्या कपाटात ठेवली गेली? वीज इथून दूरवर गेली, आवाज मात्र इथेच विझला.

आणि सरकारला, कंपन्यांना विचारण्याआधी आम्ही स्वतःला विचारले पाहिजे. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची नावे आपण आदराने घेतो आणि घेतलीच पाहिजेत. पण कॅसेटच्या जमान्यात जी शेकडो भीमगीते घराघरांत वाजली, त्यांत ढोलकी कोणाची, बॅन्जो कोणाचा, कीबोर्ड कोणाचा? कॅसेटच्या कागदावर शोधा. त्या कॅसेट आज आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. या किनारपट्टीच्या दमट हवेत फितीवर बुरशी चढते, लोहाचा थर सुटतो. एकदा आवाज गेला की तो कोणत्याही कारागिराकडून परत येत नाही. चरणजितसिंगांची तबकडी वाचली, कारण ती मोठ्या कंपनीची होती आणि एक प्रत दिल्लीच्या दुकानात टिकून राहिली. आपल्या वस्तीत काढलेल्या कॅसेटच्या किती प्रती निघाल्या होत्या? आपल्याला शोधत कोणी डच माणूस येणार नाही. आपल्यालाच आपला शोध घ्यावा लागेल.

कायदा काय म्हणतो, तेही कार्यकर्त्यांनी वाचावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा, स्वतंत्र हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३८-ब आले. आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, हा हक्क त्याने वादकालाही दिला. म्हणजे नाव ही मेहेरबानी राहिलेली नाही. तो हक्क आहे. हक्काची भाषा आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार?

जयंतीतल्या डीजेवर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, हे वर सांगितलेच. पण हजारो रुपये मोजून भिंतीएवढे स्पीकर आणायचे, त्यातून दुसऱ्याने भरून दिलेला आवाज सोडायचा, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड करायची आणि आपल्याच वस्तीतला बॅन्जोवाला घरी बसवायचा, याला आधुनिकता म्हणत नाहीत. चरणजितसिंगांनी यंत्र विकत घेतले, शिकून घेतले आणि त्यातून आपले काही काढले. आपण यंत्र भाड्याने आणतो आणि त्याच्यापुढे नाचतो. फरक एवढाच आहे, पण तो मालक आणि गिऱ्हाईक यांच्यातला फरक आहे.

म्हणून आमचे जयंती समित्यांना सांगणे आहे. पत्रकावर आणि फ्लेक्सवर प्रत्येक वादकाचे नाव आणि त्याचे वाद्य छापा. मानधन आधी ठरवा आणि त्याच रात्री हातात द्या. डीजेच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून विहारात एक कीबोर्ड, एक पॅड ठेवा. मुली-मुलांना तो शिकू द्या. आणि येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक काम करावे. घरोघरच्या जुन्या कॅसेट गोळा कराव्यात, त्यातला आवाज संगणकात उतरवून घ्यावा आणि वडीलधाऱ्यांना बसवून, कोणी वाजवले ते विचारून, वहीत लिहून ठेवावे. ज्यांना आठवते ती माणसे अजून आहेत. पाच-दहा वर्षांनी नसतील.

आता त्या तरुणाचे शेवटचे वाक्य. त्या रात्रीच्या कार्यक्रमाचे पत्रक आम्ही ज्या समितीत आहोत तिनेच छापले होते, आणि मजकूर आमच्या नजरेखालून गेला होता. त्यात अध्यक्ष होते, उद्घाटक होते, प्रमुख पाहुणे होते, देणगीदार फोटोसह होते, गायक मोठ्या अक्षरांत होते. आम्ही नंतर मोजली, एकेचाळीस नावे. गाडी बोईसरला थांबत होती तेव्हा तो बॅग खांद्याला लावत म्हणाला, "काका, पत्रकात आमचं नाव राहून गेलं."

आम्ही म्हणालो, "घाईत राहिले असेल रे."

तो हसला. म्हणाला, "दरवर्षीच राहतं. जयभीम काका." आणि उतरला.

एका वादकाचे नाव २८ वर्षे राहून गेले, म्हणून आम्ही कंपनीला नावे ठेवतो. आमच्याच वस्तीतल्या पोराचे नाव आम्ही दरवर्षी राहू देतो, त्याला काय म्हणायचे? पुढच्या १४ एप्रिलच्या पत्रकात बेचाळिसावे नाव असेल, त्याच्यापुढे 'कीबोर्ड' हा शब्द असेल, आणि त्याखाली ढोलकीवाल्याचे, पॅडवाल्याचे नाव असेल. हे आम्ही येथे जाहीर लिहून देत आहोत, म्हणजे विसरता येणार नाही. बाकी समित्यांनी आपापली पत्रके काढून मोजून पाहावीत.

जयभीम.